"समजलं का?" विचारणं बंद करा: ऑनलाइन तास नीट कसा घ्यायचा आणि मुलांनी तो नीट कसा करायचा

वर्गात शिकवताना आपण नुसतं बोलत नसतो, सतत बघतही असतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्यात, मागचा मुलगा शेजारच्याच्या वहीत डोकावतोय, खिडकीजवळचे दोघं मान हलवतायत पण पेन काही जागचं हललेलं नाही, आणि हे बघूनच आपण थांबतो, तेच उदाहरण वेगळे आकडे घेऊन परत करतो. कुणी सांगावं लागत नाही. ऑनलाइन गेल्यावर सगळ्यात आधी जातं ते हे बघणं. समोर चाळीस काळे चौकोन, त्यात नावाचं पहिलं अक्षर, आपण विचारतो "समजलं का सगळ्यांना?", चार-पाच जण "येस मॅम" टाकतात, बाकीचे गप्प, आणि आपण पुढचा टॉपिक घेतो. पंधरा दिवसांनी टेस्ट घेतली की कळतं, गप्प बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं पहिल्याच दिवशी अडलं होतं.

मी गणित शिकवते. २०२० च्या एप्रिलमध्ये, युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे, १९० हून जास्त देशांतली मिळून जवळपास १६० कोटी मुलं शाळा-कॉलेज बंद म्हणून घरी बसली होती, आणि तेव्हा आपण सगळ्यांनीच जे केलं ते म्हणजे वर्गातला तास उचलून जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर ठेवला. ती अडचणीतली सोय होती, त्याबद्दल कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण ऑनलाइन तास आता जात नाहीयेत, कुठे पूर्ण कोर्स ऑनलाइन आहे, कुठे आठवड्यातले दोन दिवस, कुठे नुसतं शंकासमाधान, त्यामुळे ते नीट करायला शिकणं भाग आहे. मला जे उपयोगी पडलं ते लिहितेय, सगळं एकदम करायला जाऊ नका, एक-एक गोष्ट आठवडाभर करून बघा.

आधी बघणं परत मिळवा

ही एकच गोष्ट जमली तरी निम्मं काम होतं म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

"समजलं का" या प्रश्नाला मुलं "हो"च म्हणतात. ती खोटं बोलतात असं नाही, आपल्याला समजलेलं नाही हे त्या क्षणी त्यांनाही माहीत नसतं. म्हणून विचारायचं असं काहीतरी की ज्याचं उत्तर द्यायला हात चालवावा लागेल. समजा अपूर्णांकांची बेरीज शिकवलीत. स्क्रीनवर १/२ + १/३ लिहा आणि सांगा, "वहीत करा, उत्तर चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबायचं नाही." दीड मिनिट द्या. मग "तीन, दोन, एक, पाठवा." सगळी उत्तरं एकदम खाली येतात. एंटर थांबवायचं कारण साधं आहे, तसं केलं नाही तर हुशार मुलगा दहा सेकंदात उत्तर टाकतो आणि बाकीचे तेच बघून लिहितात, मग आपल्याला कुणाचंच काही कळत नाही.

आता उत्तरं वाचा. काहींचं ५/६ येईल, ते बरोबर. काहींचं २/५ येईल. आणि दोन-चार जणांचं २/६. वरवर दोन्ही चुकीचीच, पण या दोन अगदी वेगळ्या चुका आहेत. २/५ वाल्यांनी वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवलेत, म्हणजे छेद म्हणजे काय हेच अजून डोक्यात बसलेलं नाही. २/६ वाल्यांनी समान छेद बरोबर काढला पण अंश बदलायचे राहिले, त्यांना फक्त एक पायरी दाखवायचीय. अशा वेळी मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त विचारते, "२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" मुलं विचार करतात, लहान आहे. "मग अर्ध्यात आणखी थोडं मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं आलं?" इथे जी शांतता होते ना, ती चांगली शांतता असते. २/६ वाल्यांनाही तसंच, २/६ म्हणजे १/३ च की, मग मिळवलेला अर्धा गेला कुठे? दोन मिनिटांत पूर्ण वर्ग जागेवर येतो, आणि तुम्हाला नेमकं कळतं की कुणाला काय शिकवायचं राहिलंय. समोरासमोरच्या वर्गात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं मला, हे प्रामाणिकपणे सांगते.

काही ॲपमध्ये चॅटचं सेटिंग असं करता येतं की मुलांचा मेसेज फक्त शिक्षकालाच दिसेल. ते जरूर करा. जी मुलं वर्गात वर्षभर हात वर करत नाहीत ती तिथे लिहायला लागतात. ती सोय नसेल तर एका प्रश्नाचा छोटा फॉर्म किंवा पोल. गणित नसेल तरी हेच चालतं. भाषेच्या तासाला "या परिच्छेदातला कुठला शब्द काढला तर अर्थ बदलेल?", विज्ञानाला "बर्फ वितळल्यावर ग्लासातली पाण्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील, आणि का, एका ओळीत". मात्र ज्याचं उत्तर सर्च करून लगेच मिळतं असं काही विचारू नका.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण १ सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात, आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं मोठी येतात, जास्त मुलं बोलतात. ऑनलाइनला तर ३ सुद्धा पुरत नाहीत, कारण आवाज उशिरा पोचतो, मुलाला म्यूट काढायचं असतं, मधेच नेट अडकतं. मी मनातल्या मनात दहा मोजते. सुरुवातीला ते दहा सेकंद फार मोठे वाटतात, हाताशी पाण्याची बाटली ठेवा, एक घोट घ्या, पण बोलू नका.

काय लाइव्ह घ्यायचं, काय रेकॉर्ड करायचं

साधा हिशोब: जे सांगायचंय ते रेकॉर्ड करा, जे विचारायचंय ते लाइव्ह घ्या. पाऊण तास सलग लेक्चर द्यायला सगळ्यांना एकाच वेळी ऑनलाइन बसवायची गरज नसते, ते मुलं आपल्या वेळेत, थांबवत थांबवत, परत मागे नेत बघू शकतात आणि तेच त्यांना बरं पडतं. पण व्हिडिओ छोटा ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटवरची जवळपास ६९ लाख व्हिडिओ सेशन्स तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असला तरी लोक साधारण ६ मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाहीत. म्हणून एका व्हिडिओत एकच मुद्दा. अर्ध्या तासाचा विषय असेल तर पाच तुकडे करा आणि प्रत्येकाला नीट नाव द्या. "भाग ३" असं नाव ठेवून काही कळत नाही, "छेद वेगळे असताना बेरीज" असं ठेवलं तर परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगा बरोबर तिथेच जातो. एडिटिंगमध्ये रात्र घालवू नका, मधे एखादा शब्द अडला तर अडू दे, मुलांना आपल्या ओळखीचा आवाज हवा असतो.

लाइव्ह तासातही सलग आठ-दहा मिनिटांच्या वर बोलू नका. थोडं सांगा, मुलांना काहीतरी करायला द्या, मग त्यांनी जे केलं त्यावर बोला, परत थोडं सांगा. पोर्शन मागे पडेल अशी भीती वाटते, मलाही वाटायची, आणि थोडा पडतोही. पण शिकवून झालेला आणि मुलांना न आलेला पोर्शन परत शिकवावाच लागतो, त्यात जास्त वेळ जातो.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका

यावर शिक्षकांमध्ये बरेच वाद होतात, माझं मत स्पष्ट आहे. कॅमेरा बंद ठेवणारं प्रत्येक मूल झोपलेलं नसतं. एकाच खोलीत सगळं घर असतं, मागे कुणी आजारी असतं, कुणाला आपलं घर दाखवायची लाज वाटते, कुणाचा डेटा संपत आलेला असतो. "कॅमेरा ऑन कर नाहीतर हजेरी नाही" म्हटलं की ते मूल तासालाच येणं बंद करतं. मी सुरुवातीची दोन मिनिटं ज्यांना जमेल त्यांना कॅमेरा चालू करायला सांगते, हात हलवून सगळ्यांना हॅलो, मग बंद केला तरी चालतो. गणित सोडवल्यावर वही कॅमेऱ्यासमोर धरायची. चेहऱ्यापेक्षा वही बघितली तर मला जास्त कळतं.

डेटाचं बघा. व्हिडिओला आवाजापेक्षा कितीतरी पट जास्त डेटा लागतो, त्यामुळे नेट कमजोर असलेल्यांना पहिलं सांगायचं ते हे की येणारा व्हिडिओ बंद करा, फक्त आवाज ऐका आणि समोर आधी पाठवलेली पीडीएफ उघडून ठेवा. त्यासाठी पीडीएफ आदल्या दिवशी पाठवावी लागते, लहान साइजची, आणि पानांना नंबर हवेतच. मग तासात "हे बघा इथे" न म्हणता "पान ४, उदाहरण २" म्हणायची सवय लावायची, म्हणजे स्क्रीन न दिसणाराही सोबत राहतो. आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाका की नेट गेलं तर काय. माझा नियम असा: मूल बाहेर पडलं तर घाबरायचं नाही, परत आल्यावर "आले" एवढंच लिहायचं, सॉरी म्हणायचं नाही, राहिलेलं रेकॉर्डिंगमध्ये बघायचं. माझंच नेट गेलं तर पाच मिनिटं वाट बघायची, तोवर ग्रुपवर आधीच टाकलेलं गणित सोडवायचं, दहा मिनिटांत मी आले नाही तर तास संपला.

दोन भावंडांत एक फोन असेल तर ठराविक वेळेला सबमिशन मागणं अन्याय आहे. मुदत तासांची ठेवू नका, पूर्ण दिवसाची ठेवा.

शिक्षकांनो, स्वतःला सांभाळा

ऑनलाइन तास तेवढ्याच वेळाचा असला तरी माणूस दुप्पट दमतो, आणि त्याला कारणं आहेत. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली होती: सगळे चेहरे सतत जवळून आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटणं, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणं, एकाच जागी जखडून बसणं, आणि हावभाव दाखवायला न् समजून घ्यायला डोक्याला जास्त ताण. यातली दोन तरी आजच्या आज सोडवता येतात. स्वतःचा व्हिडिओ स्वतःला दिसणार नाही असं सेटिंग बऱ्याच ॲपमध्ये असतं, ते करा (मुलांना तुम्ही दिसत राहता). आणि लॅपटॉप दोन-चार जाड पुस्तकांवर उंच ठेवून निदान एक तास उभ्याने घ्या, पायांना हलू द्या.

घशाचंही तसंच. आपण लॅपटॉपशी बोलताना नकळत ओरडतो, कारण मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असते. माइक असलेला साधा इअरफोन लावा, आवाज आपोआप खाली येतो.

वह्या तपासणं हा तर सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. चाळीस मुलांनी प्रत्येकी सहा फोटो पाठवले, निम्मे आडवे, काही अंधारात काढलेले, फाइलला नाव नाही, आणि हे सगळं रात्री साडेदहाला फोनवर येतं. मी यात तीन बदल केले. गृहपाठ पाच गणितांचा असला तरी फोटो एकाच गणिताचा मागवते, कुठल्या ते दुसऱ्या दिवशी सांगते, म्हणजे पाचही करावी लागतात. पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात नाव न् रोल नंबर मोठ्या अक्षरात, तो फोटोत यायलाच हवा. आणि रोज सगळ्यांना लेखी शेरा देत बसत नाही, रोज आठ मुलं ठरवून घेते आणि प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवते, आठवड्यात सगळे होतात. मुलं ती व्हॉइस नोट दोनदा-तीनदा ऐकतात असं त्यांच्याच तोंडून ऐकलंय, लाल पेनच्या शेऱ्याचं असं कधी झालं नाही.

मेसेजला उत्तर द्यायची वेळ ठरवा आणि ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. मग ती पाळा, अकरा वाजता एकाला उत्तर दिलंत की दुसऱ्या दिवशी दहा जण अकरालाच विचारतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात. घरी बसून दिलेल्या पेपरात पुस्तक उघडणारच, त्यावर पहारा देण्यात शक्ती घालवण्यापेक्षा प्रश्न बदला. एक चुकीचं सोडवलेलं गणित द्या आणि कुठल्या पायरीला चुकलं, का चुकलं ते विचारा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाशी दोन-तीन मिनिटं तोंडी, तेवढ्यात खरं काय ते कळतं.

आता मुलांसाठी

तुम्हाला वाटतं रेकॉर्डिंग आहे ना, नंतर बघू, आणि मग तीन दिवसांची साचतात, मग आठवड्याची, आणि मग उघडायचीच भीती वाटते. यावर उपाय म्हणजे साचलेलं सगळं बघायचा हट्ट सोडायचा, आजच्या तासाला बसायचं आणि मागचं फक्त जिथे अडतं तेवढंच बघायचं. रेकॉर्डिंग राहिलेली जागा भरायला आहे, तासाच्या बदल्यात नाही.

तास संपल्यावर वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, पाच मिनिटं बास. मग वही उघडून काय राहिलं ते बघा. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग आहे, एका गटाने धडा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. लगेच पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना जास्त येत होतं. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना "हे तर येतंय" असं जे वाटतं ना, ते असंच फसवं असतं.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण नीट विचारा. "सर हे समजलं नाही" याला उत्तर देता येत नाही. "पान ४, उदाहरण २, तिसऱ्या ओळीत ६ कुठून आला?" याला कुठलाही शिक्षक मिनिटात उत्तर देतो. आणि असा प्रश्न लिहिता लिहिता कितीदा तरी उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

जागा रोजची एकच ठेवा, कोपरा का असेना. फोनवरच तास असेल तर बाकीची नोटिफिकेशन्स तेवढ्यापुरती बंद. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होतात न् चुरचुरतात, तर दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण २० फुटांवरचं काहीतरी बघायचं, खिडकीबाहेर बघितलं तरी झालं.

आणि दोन-तीन जणांचा गट करा. वर्गात तास संपल्यावर शेजारच्याला "तुला कळलं का रे ते?" असं विचारायचो त्यात खूप शिकणं व्हायचं, ते घरी बसून आपोआप होत नाही. तास संपला की पंधरा मिनिटं फोनवर, एकाने समजावायचं, दुसऱ्याने शंका काढायच्या, दुसऱ्या दिवशी उलट.

गायब होणाऱ्या मुलांकडे लक्ष

वर्गात एखादं मूल चार दिवस आलं नाही तर रिकामी जागा दिसते. ऑनलाइनला रिकामी जागा दिसतच नाही, एक चौकोन कमी झाला एवढंच, आणि कधी कधी तर चौकोन असतो पण त्यामागे कुणीच नसतं. म्हणून मी हजेरीसोबत आणखी दोन रकाने ठेवते, काही पाठवलं का आणि काही बोललं किंवा लिहिलं का. तीन रकान्यांपैकी शेवटचे दोन सलग आठवडाभर कोरे दिसले की मी फोन करते, मेसेज नाही. फोनवर "तू तासाला का येत नाहीस?" असं विचारत नाही, कारण त्याला मूल सॉरी म्हणतं आणि संभाषण तिथेच संपतं. मी विचारते, "फोन तुला कधी मोकळा मिळतो?"

एका मुलाने या प्रश्नावर जरा थांबून सांगितलं की आमच्या तासाच्या वेळी ताईचाही तास असतो आणि तिचं बारावीचं वर्ष आहे, म्हणून तो लॉगिन करून फोन तिला देतो, हजेरी लागावी म्हणून. महिनाभर त्याच्या नावाचा चौकोन माझ्यासमोर होता. त्याला फोन मिळायचा रात्री आठनंतर. मग आमचं ठरलं, लाइव्हला यायची गरज नाही, रात्री तो छोटा व्हिडिओ बघायचा आणि त्या दिवसाचं एक गणित बोलत बोलत सोडवून व्हॉइस नोट पाठवायचा, मी सकाळी ऐकायचे. पहिली नोट चाळीस सेकंदांची होती, नुसतं उत्तर. तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटांची आली, त्यात मधे तो अडला, "थांबा मॅडम, इथे चुकलं" म्हणाला, आणि त्याने परत पहिल्यापासून केलं.